काचेच्या पेटीतील झोप: मेंदूला इजा झालेल्या नवजात बाळाबद्दल ती काय सांगते

नवजात अतिदक्षता विभागाच्या बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना आत जाऊन आलेल्या माणसाकडून पहिली बातमी बहुधा एवढीच मिळते की बाळ शांत झोपले आहे. ही बातमी दिलासा देते, पण मेंदूच्या आजारासाठी दाखल केलेल्या बाळाच्या बाबतीत तिची खातरजमा नुसत्या डोळ्यांनी करता येत नाही. डोळे मिटून, हातपाय सैल सोडून पडलेले बाळ खरोखर झोपलेले असेल, औषधाच्या अमलाखाली असेल, किंवा मेंदूला पोहोचलेल्या इजेमुळे त्याची शुद्ध हरपलेली असेल. वरून पाहणाऱ्याला या तिन्ही अवस्था जवळपास सारख्याच दिसतात. झोप मात्र मेंदू स्वतः घडवून आणतो. ती ठरावीक क्रमाने येते, बदलते आणि संपते, आणि हा क्रम जमायचा तर मेंदूचे बरेच भाग शाबूत असावे लागतात. म्हणूनच अशा बाळाच्या उपचारात झोपेकडे दोन कारणांनी पाहिले जाते: मेंदूची स्थिती कळावी म्हणून, आणि त्या मेंदूला सावरण्यासाठी व वाढण्यासाठी झोपेची गरज असते म्हणून.

ही बाळे कोण असतात, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. त्यांतील मोठा गट पूर्ण दिवसांच्या, पण जन्मल्यावर लगेच न रडलेल्या बाळांचा असतो. प्रसूतीच्या वेळी प्राणवायू आणि रक्तपुरवठा कमी पडल्याने त्यांच्या मेंदूला इजा झालेली असते. त्यांच्याखेरीज मेंदूत रक्तस्राव झालेली अपुऱ्या दिवसांची बाळे, नवजात वयातच पक्षाघात झालेली, मेंदूज्वर झालेली, रक्तातील साखर फार खाली गेलेली किंवा कावीळ मेंदूपर्यंत पोहोचलेली बाळे असतात, आणि मेंदूच्या किंवा पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषांसह आलेलीही असतात. आजार वेगवेगळे असले तरी आकडी येण्याचा धोका आणि श्वास थांबण्याचा धोका त्यांच्यापैकी बहुतेकांना असतो.

निरोगी नवजात बाळाची झोप समजली, की बिघडलेली झोप ओळखणे सोपे जाते. पूर्ण दिवसांचे बाळ चोवीस तासांतील सुमारे १६ ते १८ तास झोपते, आणि अपुऱ्या दिवसांचे त्याहूनही अधिक. या झोपेचे दोन मुख्य प्रकार असतात. पहिल्याला सक्रिय झोप म्हणतात: मिटल्या पापण्यांखाली बुबुळे फिरताना दिसतात, श्वास कधी भरभर तर कधी संथ चालतो, ओठ चोखल्यासारखे हलतात, मध्येच हसू उमटते किंवा कपाळाला आठी पडते, आणि बोटे, मनगट, पाऊल यांना बारीक झटके येत राहतात. घरातली वडीलधारी माणसे ‘सटवाई हसवते’ म्हणतात ते हसू बहुधा याच झोपेतले असते. दुसरा प्रकार शांत झोपेचा: चेहरा स्थिर, श्वास एका लयीत, शरीर जवळपास निश्चल, आणि मधूनच सगळे अंग एकदम दचकते तेवढेच. या दोन्हींत न बसणारा जो काळ उरतो त्याला संक्रमणाची झोप म्हणतात. मोठी माणसे आधी शांत झोपेत उतरतात आणि तासा-दीड तासाने स्वप्नांच्या झोपेत जातात. नवजात बाळ मात्र बहुधा थेट सक्रिय झोपेत शिरते. त्याचे एक पूर्ण चक्र सुमारे ५० ते ६० मिनिटांचे असते आणि त्यातला जवळपास निम्मा वेळ सक्रिय झोपेचा असतो, तर प्रौढांमध्ये स्वप्नांच्या झोपेचा वाटा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा इतकाच राहतो. शिकागो येथील युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये डोळ्यांच्या जलद हालचालींच्या या झोपेचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, आणि १९५५ मध्ये झोपलेल्या बाळांच्या हालचालींतील तासाभराच्या चक्राची नोंदही त्यांनीच मांडली.

आयुष्याच्या सुरुवातीलाच ही झोप इतकी भरभरून का असावी, या प्रश्नाला १९६६ मध्ये हॉवर्ड रॉफवर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उत्तर सुचवले. बाहेरच्या जगाचे अनुभव मिळण्याआधी मेंदूच्या जाळ्याला घडण्यासाठी काही उत्तेजना हवी, आणि ती मेंदू या झोपेत आतूनच निर्माण करतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आयोवा विद्यापीठातील मार्क ब्लमबर्ग यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून या कल्पनेला चांगला आधार मिळाला. झोपेत पिलाचा पाय किंचित फडफडला, की त्या हालचालीची खबर मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे परत जाते आणि त्या पायाचा हिशेब ठेवणारा मेंदूचा भाग जागृत होतो. स्नायू आणि मेंदू यांची अशी ओळखपरेड झोपेत हजारो वेळा होते. माणसाच्या बाळात हे जसेच्या तसे घडते असे म्हणण्याची घाई करू नये, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मेंदूच्या विद्युत आलेखात हातापायांच्या अशा हालचालींनंतर मेंदूच्या संबंधित भागात लहरी उमटताना दिसल्या आहेत. या पार्श्वभूमीवर अतिदक्षता विभागातील बाळाची झोप वारंवार मोडणे ही किरकोळ गैरसोय म्हणून सोडून देता येत नाही.

आता बाळाच्या डोक्यावर लावलेल्या तारांकडे वळू. मेंदूच्या विद्युत हालचालींचा पूर्ण आलेख, म्हणजे ईईजी, वाचायला तज्ज्ञ लागतो आणि तो तज्ज्ञ रात्रंदिवस खाटेशेजारी थांबू शकत नाही. म्हणून अनेक विभागांत त्याचे एक आटोपशीर रूप वापरतात. दोन किंवा चार इलेक्ट्रोड डोक्याच्या त्वचेवर लावून मिळणारा संदेश गाळून आणि दाबून पडद्यावर असा काढला जातो की सुमारे ६ सेंटीमीटरच्या पट्टीत एक तास मावतो. याला एईईजी म्हणतात. त्यात सुट्या लाटा दिसत नाहीत. दिसतो तो डावीकडून उजवीकडे सरकणारा एक जाड पट्टा, ज्याची वरची कड मेंदूच्या जोरदार लहरी दाखवते आणि खालची कड त्यांतली कमीत कमी पातळी. पूर्ण दिवसांच्या, मेंदू ठीक असलेल्या बाळात वरची कड १० मायक्रोव्होल्टच्या वर आणि खालची ५ च्या वर असते.

हा पट्टा तासन्‌तास न्याहाळला तर त्याची रुंदी बदलताना दिसते. बाळ शांत झोपेत गेले, की काही सेकंद उंच लहरींचा झोत आणि मग काही सेकंद त्याहून मंद लहरी, अशी आलटूनपालटून रचना सुरू होते. त्यामुळे खालची कड खाली उतरते आणि पट्टा रुंद होतो. सक्रिय झोपेत किंवा जागेपणी लहरी अखंड चालतात, खालची कड वर येते आणि पट्टा अरुंद होतो. किमान वीस मिनिटे टिकणारे असे बदल लयीत एकापाठोपाठ येऊ लागले, की डॉक्टर नोंद करतात: झोप-जागेचे चक्र सुरू झाले. गंभीर इजा झालेल्या बाळाचा पट्टा आधी सपाट किंवा तुटक असतो, मग सलग होतो, आणि त्यानंतर केव्हातरी त्यात ही लय उमटते. सलग पट्टा मिळाला म्हणजे पेशी काम करू लागल्या. लय मिळाली म्हणजे मेंदूचा खोड-भाग, मध्यभाग आणि वरचा थर एकमेकांशी जुळवून काम करू लागले, असा साधारण अर्थ घेता येतो. माझ्या मते संपूर्ण विषयातला सर्वांत उपयुक्त मुद्दा हाच आहे, आणि आईवडिलांना तो क्वचितच कोणी समजावून सांगतो.

ही लय केव्हा परतते याला महत्त्व आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील डॉक्टरांनी प्राणवायूअभावी मेंदूला इजा झालेल्या १९० बाळांचे आलेख तपासून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्यात झोपेचे चक्र जन्मानंतर ३६ तासांच्या आत सुरू झाले, त्यांची पुढची वाढ चांगली होण्याची शक्यता बरीच अधिक होती. इजा जितकी गंभीर, तितके चक्र उशिरा सुरू होत होते. मात्र ते अभ्यासलेले आलेख शीतोपचार, म्हणजे मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून बाळाला थंड ठेवण्याचा उपचार, रूढ होण्यापूर्वीच्या काळातले होते.

शीतोपचारात जन्मानंतर सहा तासांच्या आत बाळाचे तापमान सुमारे ३३.५ अंश सेल्सिअसवर आणून ७२ तास तिथेच राखले जाते आणि मग ते हळूहळू, तासाला साधारण अर्ध्या अंशाने, पूर्ववत केले जाते. थंड केलेल्या मेंदूत झोपेची लय उशिरा दिसते, काही बाळांत तर पुन्हा ऊब दिल्यानंतरच, आणि तरीही ती बाळे पुढे व्यवस्थित वाढू शकतात. म्हणून ३६ तासांची मोजपट्टी त्यांना जशीच्या तशी लावत नाहीत. लय अजिबातच न परतणे हे मात्र थंड केलेल्या बाळांतही वाईट लक्षण ठरते. इथे आपल्याकडील एक गोष्ट सांगणे भाग आहे. श्रीमंत देशांत रूढ झालेला हा उपचार आपल्या परिस्थितीत तितकाच लागू पडतो का, हे पाहण्यासाठी भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर हेलिक्स नावाची चाचणी झाली. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालय त्यांपैकी एक होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार थंड केलेल्या गटात ४२ टक्के आणि न केलेल्या गटात ३१ टक्के बाळे दगावली. त्यामुळे आपल्याकडे हा उपचार कोणत्या बाळाला आणि कोणत्या सोयी असलेल्या विभागात द्यावा यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. ‘इंटरनेटवर वाचले ते आमच्या बाळाला का दिले नाही’ असा प्रश्न नातेवाईक विचारतात तेव्हा ही माहिती त्यांच्या हाताशी असावी.

झोपेचा आलेख गढूळ करणारी दुसरी गोष्ट म्हणजे औषधे. आकडी थांबवण्यासाठी नवजात बाळाला पहिल्यांदा दिले जाणारे औषध आजही फिनोबार्बिटोन हेच आहे. ते मेंदूच्या लहरी दाबते, सक्रिय झोप कमी करते आणि नवजात शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते. पहिल्या आठवड्यात त्याची मात्रा निम्म्यावर यायला चार-चार दिवस लागू शकतात. वेदना आणि अस्वस्थता कमी करण्यासाठी दिलेले मॉर्फिन किंवा फेंटॅनिलही झोपेचे चक्र पुसट करते. म्हणून औषध चालू असताना पट्ट्यात लय दिसत नसेल, तर ते इजेमुळे की औषधामुळे हे लगेच सांगता येत नाही, आणि अनुभवी डॉक्टर अशा वेळी पुढच्या आलेखापर्यंत थांबायला सांगतात. ही टाळाटाळ नसते.

याच्या उलट, झोपेतली एखादी निरुपद्रवी हालचालही भलतीच घबराट उडवते. हात लावल्यावर किंवा दचकल्यावर बाळाचे हातपाय थरथरत असतील आणि ते अवयव हळुवार धरून ठेवताच थरथर थांबत असेल, तर ती सहसा आकडी नसते. काही निरोगी बाळांना फक्त झोपेतच, एकापाठोपाठ, चांगले जोरदार झटके येतात. ते धरून थांबतीलच असे नाही, उलट पाळणा हलवल्याने वाढतात, पण बाळाला जागे करताच बंद होतात. यालाही आकडीचे औषध लागत नाही. आकडीचे झटके मात्र धरून किंवा जागे करून थांबत नाहीत. एवढे सांगूनही एक खबरदारीची सूचना जोडावी लागते, कारण मेंदूला इजा झालेल्या नवजात बाळांत बहुतेक आकड्या बाहेरून दिसतच नाहीत. अंग स्थिर असते आणि वादळ फक्त ईईजीत उठलेले असते. काही वेळा आकडीचे दृश्य लक्षण फक्त श्वास थांबणे, नजर एका बाजूला खिळणे किंवा ओठांची सतत चोखण्यासारखी हालचाल एवढेच असते. म्हणून या विभागात निदान डोळ्यांवर सोडत नाहीत, आणि घरी शंका आली तर मोबाइलवर हालचालीचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवणे हा सर्वांत कामाचा पुरावा ठरतो.

श्वासाचेही असेच आहे. नवजात बाळ झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबवून पुन्हा भरभर घेते, विशेषतः सक्रिय झोपेत, आणि तेवढे स्वाभाविक मानले जाते. वीस सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबला, अथवा त्याहून कमी वेळ थांबूनही हृदयाचे ठोके मंदावले किंवा प्राणवायूची पातळी घसरली, तर त्याला उपचाराची गरज असते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात रेनी शेलहास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या आजाराचा धोका असलेल्या नवजात बाळांची खाटेशेजारीच पॉलिसोम्नोग्राफी केली, म्हणजे मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, छाती-पोटाची हालचाल, नाकातला हवेचा प्रवाह आणि प्राणवायू यांची एकत्र नोंद घेतली. झोपेतील श्वासाचे अडथळे या बाळांत सर्रास आढळले, पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेल्यांत ते अधिक होते, आणि नवजात वयातील झोपेच्या मोजमापांचा १८ महिन्यांच्या वयातील विकासाशी संबंध दिसून आला. संबंध दिसला म्हणजे झोप सुधारली की विकास आपोआप सुधारेल, असे मात्र सिद्ध होत नाही. झोप बिघडण्याचे आणि विकास रखडण्याचे मूळ एकाच इजेत असू शकते.

आणि तरी ती झोप जपायला हवी, कारण त्यासाठी यंत्रे लागत नाहीत आणि तोटा काही नाही. विभागातली एक साधी सकाळ पाहिली तर झोप कुठे मोडते ते कळते. नाडी-तापमान पाहायला एक सिस्टर येते, लंगोट बदलायला दुसरी, टाचेतून रक्त घ्यायला तंत्रज्ञ, मग राउंड, मग नळीने दूध, मग सोनोग्राफीचे यंत्र. प्रत्येक काम गरजेचे असते, पण ते वेगवेगळ्या वेळी झाले तर ५०-६० मिनिटांचे एकही चक्र पुरे होत नाही. ही कामे शक्य तेवढी एकत्र आणणे आणि तातडीचे नसेल ते काम बाळ शांत झोपेतून बाहेर येईपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबवणे, एवढ्याने बराच फरक पडू शकतो. बुबुळे फिरू लागली, श्वास अनियमित झाला, हात हलू लागले, की काम सुरू करावे, हे सिस्टर मंडळींना शिकवावे लागत नाही. त्यांना तेवढी उसंत द्यावी लागते, आणि एका सिस्टरकडे पाच-सहा बाळे असलेल्या विभागात ती कशी मिळणार हा खरा प्रश्न आहे. एकत्र आणण्यालाही मर्यादा आहे: दुबळ्या बाळावर एका दमात सगळे उरकले तर त्याचे ठोके आणि रक्तदाब ढासळतात, त्यामुळे मध्ये विसावा द्यावा लागतो.

आवाजाबद्दल अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्ये ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली. दोन माणसांचे साधे बोलणेच सुमारे ६० डेसिबलचे असते, हे लक्षात घेतले तर भारतातील काय, कुठलाच गजबजलेला विभाग ती नीट पाळू शकत नाही. निदान पेटीची दारे आपटू नयेत, पेटीच्या माथ्यावर फाइल किंवा बाटली ठेवू नये, मोबाइल गप्प ठेवावा आणि रात्री दिवे मंद करावेत, एवढे कोणत्याही जिल्हा रुग्णालयात शक्य आहे.

आईवडिलांना करता येण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरणे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ही कांगारू पद्धत आज आपल्याकडेही सर्वत्र शिकवली जाते. छातीशी असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची झोप अधिक सलग आणि सुसंगत होते, असे अभ्यासांत दिसले आहे. एका बैठकीला किमान एक तास द्यावा असे सांगतात, आणि त्यामागे झोपेचा हिशेब आहे: त्याहून लवकर उचलले तर चक्र अर्ध्यावर तुटते आणि उचलण्या-ठेवण्याचा त्रास तेवढा पदरी पडतो. व्हेंटिलेटरवरील किंवा शीतोपचार चालू असलेल्या बाळासाठी डॉक्टरांची परवानगी लागते; तोवर डोक्यावर आणि पायांवर स्थिर हात ठेवणे चालते. थोपटणे आणि चोळणे टाळावे, कारण आजारी मेंदूला स्थिर स्पर्श अधिक सोसवतो.

घरी सोडताना दोन-तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. विभागात यंत्रे लावलेली असताना बाळाला पालथे झोपवले असेल, तरी घरी त्याला उताणे, सपाट आणि टणक गादीवर झोपवायचे असते. झोळीत पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होते. ज्या बाळाचा श्वास झोपेत थांबलेला आहे त्याच्यासाठी झोळी टाळणेच शहाणपणाचे. दिवस-रात्रीचे भान कोणत्याही बाळाला दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास येऊ लागते, त्यामुळे अतिदक्षता विभागातून आलेले बाळ रात्री जागते यात सुरुवातीला काळजीचे कारण नसते. दिवसा उजेड आणि बोलणे, रात्री अंधार आणि शांतता, एवढे पाळावे. काळजी करायची ती उलट बाजूची. दुधाची वेळ होऊनही बाळ उठत नाही, उठवल्यावर चोखत नाही, अंग लुळे पडते, रडणे क्षीण किंवा किंचाळल्यासारखे होते किंवा टाळू फुगलेली दिसते, तर ‘झोपाळू आहे’ म्हणून सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आकडीचे औषध चालू असेल तर त्याची गुंगी आणि ही लक्षणे यांत घोटाळा होऊ शकतो, म्हणून औषधाची मात्रा बाळाच्या वाढत्या वजनाप्रमाणे केव्हा तपासायची हे लिहून घ्यावे. पुढच्या तपासण्या खासगी रुग्णालयात परवडत नसतील, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्या मोफत होतात, आणि तिथे बाळाच्या झोपेबद्दल विचारले गेले नाही तर आईने ते आपणहून सांगावे: किती वेळ झोपते, झोपेत घोरते का, श्वास अडतो का, झटके केव्हा येतात.